आबांचा सख्खा

दार नुसतं लोटा, कडी नको. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मध्येच कोणी खिदळलं तर मी उठून जाईन.

गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबरातला दुसरा शनिवार. आकाशात चंद्र नव्हता आणि बोलताना तोंडातून वाफ निघावी अशी थंडी. रात्री साडेदहाच्या सुमारास एक माणूस शववाहिका घेऊन एकटाच गावाबाहेर निघाला. काम साधंच होतं. गाडी विकून झाली होती. ती गॅरेजवाल्याच्या आवारात लावायची, किल्ली पहारेकऱ्याच्या हातात द्यायची आणि घरी येऊन झोपायचं. खरं तर ड्रायव्हरचं काम. पण त्याने कानाला हात लावले. "साहेब, हिला सोडायला मी नाही जाणार," म्हणाला, किल्ली टेबलावर ठेवली आणि चालता झाला.

हा माणूस म्हणजे आबांचा मुलगा. एकुलता एक. चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळच म्हणायचे, म्हणून आपणही बाळच म्हणू.

आबा तुमच्यापैकी कोणी पाहिले नसतील. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आबा तरुण असताना त्यांचे वडील परगावी गेले आणि तिथेच रस्त्यात कोसळून वारले. आबांना कळून ते पोचेपर्यंत एक दिवस उशीर झाला. बेवारस म्हणून त्यांना पुरून टाकलं होतं. कुठे, ते कोणाला धड सांगता येईना. आबा परत आले ते निराळेच होऊन. तेव्हापासून दवाखान्यातून बेवारस प्रेताचा निरोप आला की दुकानाचं शटर खाली. गिऱ्हाईक डोळ्याला काच लावून बसलेलं असलं तरी. शवागारात जायचे, चादर बाजूला करायचे, तोंड नीट बघायचे, धुऊन पुसायचे, केसांचा भांग पाडायचे. मी त्याच दवाखान्यात कामाला. आमचा कारकून विचारायचा, "नातं काय?" आबा म्हणायचे, "बाप."

ऐंशी वर्षांच्या म्हातारीचाही बाप. आम्ही आधी हसायचो. मग हसणं बंद झालं.

पुढे संस्था झाली, गाडी आली, पेपरात फोटो आले. आणि स्वतःच्या पोरावरही माया अशी की विचारू नका. लहानपणी बाळला टायफॉइड झाला, तर आबा रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून. पण बाळच्या मनात एक सल राहिला. वाढदिवसाला मेणबत्त्या विझून जायच्या तरी बाप यायचा नाही, आणि यायचा तो अंगाला फिनेलचा वास घेऊन. "कोण होतं आज?" आई विचारायची. "आपलंच एक लेकरू," आबा म्हणायचे. बाळ कूस बदलून झोपायचा.

त्याच शनिवारी संध्याकाळी आबांची शोकसभा होती. हॉल खचाखच. मीही होतो, अगदी पुढच्या रांगेत. वक्त्यांनी तारीफ केली, बायकांनी डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, आबांची लेकरं मोजता येणार नाहीत. शेवटी बाळ उठला. चांगला उंचापुरा, गोरा, डाव्या गालावर खळी. माईक हातात घेऊन हसत म्हणाला, "लेकरं पुष्कळ असतील हो, पण ती उसनी. आबांचा सख्खा मी एकटाच." लोक हसले. मग म्हणाला, "आजपासून गाडी बंद. संस्था यापुढे जिवंत माणसांसाठी काम करील. मेलेल्यांना काय कळतंय, त्यांना कोणी उचललं ते?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चूक काय होतं त्यात?

तर रात्री गाडी निघाली. गावचे दिवे मागे पडले. पुढे चढ लागतो. रिकामी गाडी, रस्ता मोकळा, आणि चढावर गाडी रडायला लागली. दुसरा गिअर टाका, पहिला टाका, हलेना. मागे ओझं असावं तशी. बाळला वाटलं, क्लच गेला. घेणाऱ्याच्या गळ्यात पडेल, आपल्याला काय! असं म्हणून तो स्वतःशीच हसला.

तेवढ्यात मागच्या काचेवर टकटक झाली.

ड्रायव्हरच्या पाठीमागे छोटी काच असते ना, ती. बोटाच्या पेराने वाजवल्यासारखी. हलकेच.

त्याने गाडी थांबवली. उतरला. मागचं दार उघडलं. आत लोखंडी स्ट्रेचर, बाजूचा बाक, बाकी काही नाही. फक्त आतली हवा उबदार होती. त्या थंडीत. माणसं दाटीवाटीने बसून नुकतीच उठावीत तशी.

दार लावलं. येऊन बसला. आरशात बघितलं नाही.

टकटक.

"कोण आहे?"

"आबा कुठायत?" बाईचा आवाज होता. म्हातारा. थकलेला.

"आबा... आबा गेले."

मागे कुजबुज झाली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. फार वेळ चालली ती कुजबुज... फार मागेपर्यंत गेली. एवढी लांब गाडी नव्हती ती.

मग एका पोराने विचारलं, "मग आता आम्हाला कोण ओळखणार?"

"मला काय माहीत!" बाळ ओरडला. घाबरलेला माणूस ओरडतो तसा. "मी तुमचा कोणी लागत नाही! कोणी नाही!"



मग तीच म्हातारी शांतपणे म्हणाली, "बरं."

तेवढंच.

आणि गाडी हलकी झाली. चढ अशी चढली की जणू मागून कोणी ढकलली.

आवारात पोचला तेव्हा पहारेकरी शेकोटी करून बसला होता. दुपारीच दोघांनी बरोबर चहा घेतला होता. बाळने किल्ली पुढे केली. पहारेकऱ्याने ती घेतली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "साहेब नाही आले?"

बाळला वाटलं, झोपेत आहे बिचारा.

घरी न्यायला कोणाला तरी बोलवावं म्हणून त्याने फोन तोंडासमोर धरला. फोन उघडेना. तोंड ओळखेना. खिशातला रुमाल काढून काच पुसली. पुन्हा धरला. नाही. अंधार आहे म्हणून, असं मनाशी म्हणत तो चालत सुटला.

घराची घंटा वाजवली. बायकोने साखळी लावूनच दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"अगं, मी."

"मी कोण?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने त्याच्या अंगातला कोट बघितला. हातातला फोन बघितला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हा कोट कुठून आणलास? माझा नवरा कुठाय?"

"अगं, मीच... मीच आहे!"

आतून मुलगी आली, आईच्या मागून डोकावली. त्याने तिला तिच्या लाडाच्या नावाने हाक मारली. ते नाव घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. मुलगी किंचाळली. "आई, ह्याने बाबांना मारलं!"

शेजारी धावून आले. ज्यांच्याबरोबर तो रोज बॅडमिंटन खेळायचा, तेच. कोणाच्या हातात काठी होती, कोणाच्या हातात विटेचा तुकडा.

पहाटे पोलिसांनी त्याला आमच्या दवाखान्यात आणून टाकला. मी वॉर्डबॉय. रात्रपाळी माझी. हे सगळं त्याने मला सांगितलं, तुटक तुटक, रक्त गिळत. आणि तुम्ही मला विचाराल, "तुम्ही तर त्याला संध्याकाळीच पाहिला होतात, मग ओळखला नाहीत?" हो. पुढच्या रांगेतून पाहिला होता. खाटेवर होता तो माणूस उंच नव्हता. गोरा नव्हता. गालाला खळी नव्हती. कोणासारखाही दिसत नव्हता तो. मान वळवली की त्याचं तोंड आठवायचं नाही. शपथेवर सांगतो.

पाळी संपली तरी मी थांबलो होतो. दुपारी त्याच्या बायकोला आणलं. ती खाटेशी गुडघ्यावर बसली, हात जोडले. "पाया पडते तुझ्या. कुठे टाकलंस त्यांना, एवढं सांग."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने वाट बघितली. मग त्याच्या तोंडावर थुंकली आणि गेली.

रात्री तो मेला. मीच त्याला शवागारात ठेवला. मीच चादर ओढली, मीच बाहेरून कुलूप लावलं. केस रक्ताने चिकटून जटा झाल्या होत्या, तोंडावर थुंकी वाळली होती. पुसावं असं मनात आलं होतं. कंटाळा केला.

सकाळी कुलूप उघडलं. कारकून बरोबर होता. चादर काढली.

तोंड स्वच्छ धुतलेलं. केस ओले. बाजूने सरळ भांग पाडून चापूनचोपून बसवलेले. शाळेत जाणाऱ्या पोराचे बसवतात ना, तसे. कपाळावर पाण्याचा एक थेंब अजून ओघळत होता.

आणि हनुवटीवर वळ होते. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं. पोर मान हलवतं म्हणून आपण हनुवटी घट्ट धरतो, तसे. लालबुंद, ताजे.

मेलेल्या अंगावर वळ उठत नाहीत. इतकी वर्षं मी तिथे होतो.