दाढ दुखत नव्हती

समोरून काकू येताना दिसली आणि चिमू डाव्या हाताच्या पहिल्या उघड्या दारात शिरली.

दार कशाचं आहे हे बघायला वेळच नव्हता. आत औषधाचा वास होता, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या होत्या, आणि पांढऱ्या कोटातला एक तरुण माणूस टेबलामागे डबा खात बसला होता. तिला बघून तो गडबडीने उभा राहिला. घास तोंडातच होता.

"बसा ना... काय होतंय?"

तेव्हा कुठे तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीवर भलामोठा, हसरा, गुलाबी हिरड्यांचा जबडा होता.

"दाढ," ती म्हणाली.

"कुठली?"

"ही... उजवीकडची. खालची." सुचली ती सांगितली.

खुर्चीत आडवी होताना तिला स्वतःचंच हसू येत होतं. काकू पुढे निघून गेली की "आता बरं वाटतंय" म्हणून उठायचं, एवढाच तिचा बेत. डॉक्टरने दिवा ओढून घेतला, छोटा आरसा आत घातला आणि आणखी खाली वाकला.

"अहो, ही आतून पार पोखरलीय! हिच्यावर दिवस कसे काढलेत तुम्ही?"

ती काही म्हणणार एवढ्यात दारातून आवाज आला, "चिमू! मी हाका मारतेय, तू आपली सुसाट... अगंबाई, दात का? बरं केलंस, जायच्या आधीच दाखवलंस." काकू सरळ आत आली. "डॉक्टर, हिचं तोंड एकदा सगळं नीट करून द्या हो. परदेशी चाललीय शिकायला. पुढच्या महिन्यात. तिकडे दातांचं फार अवघड असतं म्हणे."

"हो?" डॉक्टरने कौतुकाने खाली बघितलं. "अ‍ॅडमिशन झाली?"

तिच्या तोंडात आरसा होता, कापूस होता, डॉक्टरचं बोट होतं.

"आँ," ती म्हणाली.

त्याचा अर्थ दोघांनीही 'हो' असाच घेतला.

खरी गोष्ट अशी होती की अ‍ॅडमिशन झालेली नव्हती. ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, मातीच्याच विषयात पुढे शिकायचं म्हणून तिने पाच विद्यापीठांत अर्ज टाकले होते. दोन ठिकाणांहून नकार आला होता. आणि एका रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना काकूने विचारलं, "काय गं, आलं का काही? आमच्याचं तर एव्हाना येऊन जुनंही झालं होतं." काकूचा मुलगा आधीच तिकडे होता. सगळ्यांचे हात ताटात थांबले. आई तिच्याकडे बघत होती. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "झालं की. परवाच कळलं."

आठवड्याभरात कुठून तरी होकार येईल आणि खोट्याचं खरं होऊन जाईल, असं तिला वाटलं होतं. आला तो तिसरा नकार. तोवर आईचं सगळ्या इमारतीला सांगून झालं होतं. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी विमानात मानेखाली घ्यायची उशी भेट दिली होती. ती उशी कपाटावर बसून रोज सकाळी तिच्याकडे बघायची, आणि ती उशीकडे बघायची नाही.

दाढेचं काम एका बैठकीत होणारं नव्हतं. आतली नस साफ करायची, औषध भरायचं, मग वर टोपी बसवायची. शिवाय मागे एक अक्कलदाढ आडवी उगवत होती, तीही काढायला हवी होती.

"तुमच्याकडे वेळ कमी आहे," डॉक्टर वही चाळत म्हणाला. दुपारची एक वेळ त्याने खोडली. "या वेळेला येत जा. मी बघतो कसं बसवायचं ते."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही, त्याला कशाला सांगायचं? पुन्हा थोडीच येणार आहोत, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली... आणि सांगितलेल्या दुपारी केस धुऊन हजर झाली.

अक्कलदाढ काढली त्या दिवशी तो म्हणाला, "बघा हं, विचार करा. शिकायला निघालाय आणि अक्कल इथेच ठेवून जाताय."

"ठेवून घ्या. तुम्हाला उपयोगी पडेल."

"मला? का?"

"कोटाची बटणं खालीवर लावलीत."

त्याने खाली बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून तो तिला 'अक्कलदाढ' म्हणू लागला. "या, अक्कलदाढ. आज त्रास देणार का?" पुढच्या खेपेला त्याची बटणं अगदी सरळ होती. इतकी सरळ की तिला उगाच गलबलून आलं.

सुई टोचायच्या आधी तो भुलीच्या औषधाची कुपी हातात धरून तिला ऊब द्यायचा, गार औषध जास्त झोंबतं म्हणून. काम करता करता बोलत राहायचा. लहानपणी तो दाताच्या डॉक्टरला घाबरून कपाटात लपला होता. अजूनही स्वतःचे दात दाखवायची वेळ आली की त्याचे पाय लटपटतात. तिला हसता यायचं नाही, मग तिचे खांदे हलायचे, आणि तो हात मागे घेऊन म्हणायचा, "हसून घ्या, मी थांबतो." आणि खरंच थांबायचा. दिव्याच्या उजेडात त्याच्या मास्कवरचे दोन डोळे तेवढे दिसायचे. त्या डोळ्यांत इतका विश्वास असायचा की तिला तिथून उठून पळून जावंसं वाटे.

"तिकडे गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?" तो विचारायचा.

आणि ती सांगायची! खोलीची खिडकी, ग्रंथालय, बर्फ... सगळं सांगायची. घरी गेल्यावर आरशासमोर दात घासताना स्वतःच्या तोंडाकडे बघवायचं नाही. ज्या तोंडासाठी तो एवढा जीव टाकत होता, त्याच तोंडाने ती त्याला थापा मारत होती.

चौथा नकार आला, त्या दिवशी तिच्या दाढेचं माप घ्यायचं होतं. माप झालं. त्याने हातमोजे काढले, आणि हात धुता धुता, पाठमोराच, म्हणाला,

"तुम्ही जाणार नसता ना, तर..."

"तर?"

नळ वाहत राहिला. "काही नाही. तर एवढी घाई करावी लागली नसती."

'मी जाणार नाहीये' — एवढे तीन शब्द. पण ते तीन शब्द बोलायचे तर त्यांच्या आधीचं सगळं बोलावं लागणार होतं. ती पर्स उचलून म्हणाली, "टोपी कधी बसवायची?"

टोपी बसवायच्या दिवशी ती लवकर पोहोचली. बाहेर एक आजोबा बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात काठी, आणि बोलताना तोंडापुढे रुमाल. शेजारच्या बाईंना ते मोबाइलवर फोटो दाखवत होते.

"ही माझी नात. लग्न झालं मागच्या आठवड्यात. हा मी."

"छान! पण आजोबा, तुम्ही एवढे रागावलेले का?"

"रागावलेला कसला? तोंड मिटून बसलोय." आजोबा हसले आणि लगेच रुमाल वर गेला. "कवळी व्हायची होती लग्नाआधी. पण डॉक्टरांचा फोन आला की एक मुलगी परदेशी शिकायला चाललीय, तिचं अर्धवट राहील, तुमची दुपारची वेळ तिला देऊ का? म्हटलं द्या बाबा. पोरीचं शिक्षण आहे. मी काय, पातळ खाऊन राहीन. नात म्हणत होती, आजोबा, एकदा तरी हसा ना. म्हटलं, लग्नात मला बघून कुणी घाबरायला नको."

बाई हसल्या. आजोबाही हसले, रुमालाआड.

ती उठली. कुठे जायचं हे न कळून पुन्हा बसली. आतापर्यंत तिला वाटत होतं की खोटं आपलं, लाज आपली, भोगू आपण. पण त्या खोट्यापायी एक म्हातारा माणूस आपल्या नातीच्या लग्नात तोंड मिटून बसला होता.

आतून हाक आली, "या, अक्कलदाढ."

ती आत गेली, पण खुर्चीत बसली नाही.

"मी कुठेही चाललेले नाही," ती म्हणाली. "माझी अ‍ॅडमिशन झालेलीच नाही. चार ठिकाणांहून नकार आलाय, पाचवं उत्तर यायचंय. मी घरी खोटं सांगितलं, काकूने तुम्हाला सांगितलं, आणि मी... मी 'आँ' केलं."

त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं. ते तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव निघून गेला.

"खिडकी, बर्फ, ते सगळं?"

"बनवलेलं."

"आणि दाढ?"

"तीही दुखत नव्हती. काकूला चुकवायला मी आत शिरले होते."

त्याने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "बाहेर जे बसलेत ना, त्यांना मी स्वतः फोन केला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "बसा. टोपी बसवून घेऊ."

"आधी त्यांचं करा."

"त्यांचं आज होणारच आहे. बसा."

सुई नव्हती, गोष्टी नव्हत्या, थांबणं नव्हतं. "आ करा. मिटा. उंच लागतेय का?" एवढंच. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळून तिच्या कानात गेलं. त्याने कापूस पुढे केला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

बाहेर येऊन ती आजोबांसमोर उभी राहिली. "ती परदेशी जाणारी मुलगी मी," ती म्हणाली, आणि उरलेलंही सांगून टाकलं. आजोबांचा रुमाल खाली आला.

"माझ्या नातीचं लग्न परत होणार नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग मी काय बोलू तुला? ऐकून घेतलं. जा आता."

पायऱ्या उतरताना तिला वाटलं, आजोबांनी 'असू दे' म्हटलं नाही तेच बरं झालं.

घरी आईला सांगायला शब्द सापडेनात, तेव्हा ती कपाटावरची उशी काढून आईच्या समोर ठेवून बसली आणि मग बोलली. आईने आधी कपाळाला हात लावला, मग तिला नाही नाही ते बोलली, मग दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप आदळत म्हणाली, "नकार आला म्हणून कोणी घराबाहेर काढणार होतं का तुला? मला तरी सांगायचंस!" तेवढ्यावर दोघी रडल्या. काकूकडे ती एकटी गेली. ताटात वाढता वाढता काकू एवढंच म्हणाली, "मीही फार विचारते म्हणा." उशी प्रयोगशाळेत परत गेली. साहेबांनी ती घेतली नाही. "दुपारी डुलकी लागते तुम्हाला, तेव्हा वापरा," म्हणाले. आठवडाभर लोक तिच्या पाठीमागे कुजबुजले. ती मान खाली घालून मातीचे नमुने चाळत राहिली.

पाचवं उत्तर एका संध्याकाळी आलं. ते वाचून तिने पायांत चपला सरकवल्या आणि निघाली. कुठे चाललोय हे वाटेतच तिच्या लक्षात आलं.

दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टर दिवे मालवत होता.

"दुखतंय का?" त्याने दारातच विचारलं.

"नाही. पाचवं उत्तर आलं... नाही म्हणालेत. अजून कुणालाच सांगितलं नाहीये. तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं. खरं आहे ते, म्हणून."

ती वळली.

"थांबा ना," तो म्हणाला. आणि मग, "थांब."

ती थांबली.

"मला फार राग आला होता. अजून थोडा आहे. पण रोज दुपारी मी जो राग काढतोय ना, तो सगळा तुझ्यावरचा नाहीये." तो अडखळला. भिंतीवरच्या जबड्याकडे बघत बोलू लागला, जणू सांगायचं त्या जबड्यालाच होतं. "आजोबांची वेळ मी का फिरवली? दुसऱ्या कुणासाठी फिरवली असती का? नसती. तू रोज यावीस म्हणून फिरवली. आणि वर स्वतःला सांगत राहिलो की ती जाणार आहे, म्हणून बोलायचं नाही. तुझं जाणं मला सोयीचं होतं गं. हिंमत नव्हती, ते झाकलं जात होतं. परवा जाऊन आजोबांना मीही सांगून आलो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही दोघं एकमेकांना शोभता."

ती हसली. मग हसू ओठांवरच विरलं. "मला लाज वाटते तुमच्याकडे बघायला."

"मलाही. बटणं बघून बोलत जा."

तिने बघितलं. वरचं बटण खालच्या काजात होतं.

"पुढच्या वर्षी मी परत अर्ज करणार आहे," ती म्हणाली. "झालं तर जाणार. हे आत्ताच सांगते."

"सांग. नाही झालं तरी सांग." त्याने शेवटचा दिवा मालवला. रस्त्यावरच्या उजेडात त्याचा चेहरा, मास्कशिवायचा, पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. घाबरलेला होता. "आणि मी... मी तुझ्यावर प्रेम करतो. तू जाणार असलीस तरी. हे मी आधीच बोलायला हवं होतं."

या वेळी तोंडात ना आरसा होता ना कापूस. तिने पुढे होऊन त्याच्या कोटाचं चुकलेलं बटण काढलं, नीट लावलं, आणि हात तिथेच राहू दिला.

"मीही," ती म्हणाली. "हे बनवलेलं नाही."