डाव्या पायाचा अंगठा

पहिल्याच भेटीत त्याने मला नखशिखान्त भिजवलं, आणि वर दमही मलाच दिला.

स्पर्धेचा पहिला दिवस. सकाळचे सहा. रात्रभर डोळा लागला नव्हता म्हणून मी एकटीच हॉकी स्टिक घेऊन मैदानावर आले होते. गोललाइनवर उभी राहून नसलेले बॉल अडवत होते. एवढ्यात चारी कोपऱ्यांतून पाणी सुटलं. फवारे कसले, तोफाच त्या. आमच्या निळ्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, सामन्याआधी पाणी मारावंच लागतं, नाहीतर बॉल अडखळतो आणि पडलं की गुडघे सोलवटतात. एवढी वर्षं खेळले, पण ते पाणी मारणारा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. तो गोलच्या मागे, पंपाशेजारी, उलट्या क्रेटवर बसला होता.

"फाटकावरचा बोर्ड वाचता येतो ना?" तो म्हणाला.

"येतो. तुम्हाला समोरचं माणूस दिसतं का?"

"दिसलं ना. म्हणून तर पाच मिनिटं थांबलो."

"मग हाक मारायची."

"मारणार होतो... पण इतकं छान अडवत होतात तुम्ही. बॉल नसताना."

तो हसला नाही. मी हसले, आणि हसले म्हणून स्वतःवरच चिडले.

संघात मला 'भिंत' म्हणतात. त्याच्या कानावर ते कधी पडलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी पंप सुरू करायच्या आधी हाक आली, "भिंतीने बाजूला व्हावं, ओल धरेल." आमच्या मुली त्याला पाणीवाला म्हणत. मग मीही म्हणू लागले. रोज सकाळी वीस मिनिटं मी त्याच्या पंपापाशी काढायचे. तो मैदान दाखवायचा. डाव्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथे बॉल अंदाजापेक्षा लवकर येतो.

"हे सगळ्या संघांना सांगता?"

"विचारेल त्याला सांगतो."

"किती जणींनी विचारलं?"

"एकीने," तो म्हणाला, आणि उगाच पान्याने घट्ट असलेला नट घट्ट करत बसला.

आता पुढचं. ते गोड करून सांगता येणार नाही, तसं सांगणारही नाही.

उपांत्यपूर्व सामना. आम्ही एक-शून्यने पुढे, शेवटचं मिनिट. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यांच्या नऊ नंबरच्या खेळाडूला आम्ही आपसांत 'उंच' म्हणायचो. तिने मारलेला बॉल आमच्या गोलकीपरच्या, गोलीच्या, हातमोज्याखालून निसटला. गोललाइनवर मी होते. स्टिक उशिरा आली. बॉल आत जाणार म्हणजे जाणारच होता. तो थांबला माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर.

बॉल पायाने अडवायचा नसतो, हे हॉकीतलं पहिलीचं पुस्तक. तिथे पायाने अडवला की समोरच्यांना पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे जवळजवळ गोलच. पण पंचांच्या आणि माझ्या मध्ये तीन जणी होत्या. त्यांना दिसलं नाही. उंच माझ्या पायाकडे बोट दाखवत ओरडली, "फूट, फूट." तिसऱ्या पंचाकडे दाद मागायची त्यांची संधी आधीच वाया गेली होती. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी तेव्हा हात वर करायचा होता. मी मोजे वर ओढले.

शिट्टी झाली. मुलींनी मला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी आईचा फोन. "अख्खा शेजार आपल्या टीव्हीसमोर होता गं. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत, माझी पोर गोललाइनवरून तसूभर हलली नाही." मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

अंगठा सुजून बटाट्याएवढा झाला होता. फिजिओच्या खोलीत बर्फाची अख्खी पेटी होती, पण मागायला गेले असते तर पहिला प्रश्न आला असता: कशाने लागलं? म्हणून गेलेच नाही. नळाखाली पाय धरून बसले. शेजारच्या पलंगावर गोली घोरत होती, जिंकलेल्या माणसाने घोरावं तशी.

सकाळी पंपापाशी गेले, न लंगडता. म्हणजे मला तसं वाटत होतं. त्याने काही न बोलता क्रेट पुढे सरकवला, आणि शेजारी प्लास्टिकची पिशवी ठेवली. बर्फ.

"बूट काढा," तो म्हणाला.

"कशाला?"

"स्टिकचा आवाज टक्क येतो. कालचा बोदा होता."

कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग संताप आला, कारण तो सोपा असतो. "इतकं कळलं होतं तर बोलायचं होतं तिथेच. पंच काय मैलावर होते?"

"मी पाणी मारणारा. माझं कोण ऐकतंय." त्याने पिशवीची गाठ सोडली. मग मान खाली घालून म्हणाला, "हे खोटंय. अकरा वर्षं इथे आहे. कोण जिंकतं, कोण हरतं, मला सगळे सारखे. काल तुमचा पाय दिसला आणि... पंचाला दिसू नये, असं मनात आलं. नाही दिसला, तर बरं वाटलं मला. रात्री त्याचीच लाज वाटत राहिली."

"आपल्या संघासाठी वाटलं असेल."

"संघासाठी नाही."

एखाद्या मुलीला हे याहून सुंदर वेळी ऐकायला मिळतं. मला मिळालं ते काळ्यानिळ्या अंगठ्यावर बर्फ धरून. त्याची बोटं माझ्या घोट्याला लागली आणि मी पाय मागे घेतला नाही. दोन चोर एका बर्फाच्या पिशवीपाशी बसले होते.

"कालच्या त्या संघाची बस किती वाजता?" मी विचारलं.

"दहाला. मागच्या फाटकातून."

मी एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून गेले. उंच आपल्या बॅगेवर बसली होती. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. दोघींनाही मोडकीतोडकी येते अशी तिसरी एक आहे, तिच्यात म्हटलं, "बॉल. पाय. माझा." आणि मोजा काढला.

तिने अंगठ्याकडे पाहिलं. मग नखावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. जोरात. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी ओरडले नाही, तेवढा हक्क तिचा होता.

"काल का नाही?" तिने विचारलं.

मी मोजा पुन्हा वर ओढला, कालसारखाच. 

"ही माझी शेवटची स्पर्धा," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली. तिने माफ केलं नाही. का करावं?

तशीच प्रशिक्षक बाईंच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं.

"निकाल आता बदलत नाही," बाई म्हणाल्या.

"माहितीय."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"बर्फ हवा होता, बाई."

त्यांनी वाकून अंगठा पाहिला. मग फिजिओला हाक मारली. एक्स-रे काढला, हाडाला चीर निघाली. उपांत्य सामन्यातून मी बाहेर. गोली म्हणाली, "गप्प बसली असतीस तर पट्टी गुंडाळून खेळली असतीस, शहाणे. आता तुझ्या जागी कोण, माझी मावशी?" ते खरंच होतं.

घरी फोन केला. आईला सगळं सांगितलं. फोन बाबांनी घेतला. वाटलं, आता झाडतील. "खूप दुखतंय का गं?" एवढंच म्हणाले, आणि मी रडले.

उपांत्य सामन्याला बाईंनी मला संघाच्या बाकावर बसू दिलं नाही. मी गोलच्या मागे गेले. त्याने दुसरा क्रेट आणून ठेवला होता, पाय ठेवायला.

"आता अहो-जाहो पुरे करू का?" त्याने विचारलं.

"आधी पाणी सोड," मी म्हटलं.

त्याने माझा हात पंपाच्या चाकावर ठेवला, वर आपला, आणि दोघांनी फिरवलं. निळ्या टर्फवर पाणी उधळलं. वाऱ्याने थोडं आमच्याकडेही आणलं. दोघंही हललो नाही.

आम्ही हरलो. दोन-शून्य. दोन्ही गोल डाव्या कोपऱ्यातून, जिथे मी असते. पण ते नंतर. सामना सुरू झाल्या झाल्या आमच्या गोलपाशी घोळका झाला, कुणाला तरी बॉल लागला, आणि मी अर्धवट उठले.

"काय होतं?" मी विचारलं.

"स्टिक. टक्क."

"आणि पाय असता तर? आपल्या मुलीचा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून त्याच्या हातात होता, ओला.

"तर तू ओरडली असतीस," तो म्हणाला. "आणि या वेळी मीही."