गुरुपादप्पांचा कार्बोरेटर

उदगीरला जायचं ते फक्त एक कार्बोरेटर आणायला. श्रीनाथ सरांनी बायकोला तसंच सांगितलं. मालविका म्हणाली, मीही येते, नीलम्मांना भेटून बरेच दिवस झाले. रविवारची दुपार होती. लातुरातून निघताना गाडीनं नेहमीसारखे आचके दिले, काळा धूर सोडला आणि मग कुठं ती चालू लागली.

गाडी पन्नास वर्षांची. गोल दिव्यांची, स्टिअरिंगलगत गियर असलेली. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव या गाडीत ओतायचे. पण तिचा कार्बोरेटर, इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग, काही केल्या ऐकायचा नाही. चढाला गुदमरायचा, चौकात बंद पडायचा. अगदी तशीच, त्याच रंगाची गाडी उदगीरच्या गुरुपादप्पांकडे होती आणि ती मात्र अर्ध्या किल्लीत सुरू व्हायची. दर हिवाळ्यात हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन लातूरहून नांदेडला जायचे. सरांची गाडी वाटेत हटकून बसायची. मग गुरुपादप्पा मागं फिरून यायचे आणि हसून म्हणायचे, वैनी, उन्हात कशाला थांबता, चला माझ्या गाडीत. मालविका जायची. सर बोनेटमध्ये डोकं घालून उभे राहायचे आणि ती दुसरी गाडी गुणगुणत दूर जाताना ऐकायचे. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

उन्हाळ्यात गुरुपादप्पा गेले, झोपेतच. सर भेटायला गेले तेव्हा त्यांनी फोटोपुढं हात जोडले खरे, पण नजर सारखी पत्र्याच्या शेडकडे वळत होती. आता सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं आणि सर पुन्हा त्याच दारात उभे होते.

गुरुपादप्पांच्या बायकोनं, नीलम्मांनी, आढेवेढे घेतले नाहीत. एवढंच म्हणाल्या, “घिऊन जावा भाऊजी. पण तुमचा त्यांच्या गाडीला बसवून जावा. तिला रिकामी ठिवू नका.”

सर हो म्हणाले.

शेडमध्ये गुरुपादप्पांच्या गाडीभोवती रबराचा आणि शिळ्या पेट्रोलचा वास कोंडला होता. सरांनी नट ढिले केले, पेट्रोलची नळी काढली, चोकची तार सोडवली. कार्बोरेटर हातात आला तो कोमट होता. पत्रा तापलाय, दुसरं काय, असं त्यांनी मनाला सांगितलं. आपला जुना काढून त्यांनी तो आपल्या गाडीला बसवला. मग जुना घेऊन त्या दुसऱ्या इंजिनापाशी आले आणि थबकले. ही गाडी पुन्हा कधी सुरू होऊ नये, असं त्यांना वाटलं. इतकं स्वच्छ वाटलं की क्षणभर त्यांचे तेच दचकले. पण हात थांबले नाहीत. इंजिनाच्या उघड्या तोंडात त्यांनी चिंध्यांचा बोळा कोंबला, बोनेट लावलं आणि जुना कार्बोरेटर आपल्या डिकीत टाकला. नीलम्मांना सांगितलं, बसवला.

गाडी अर्ध्या किल्लीत सुरू झाली.

परतीच्या वाटेवर नळेगावच्या अलीकडे दिवस कलला. रस्त्यावर रहदारी नव्हती. इंजिनाचा आवाज असा एकसारखा, असा मऊ, की सरांना कितीतरी वर्षांनी छाती भरून श्वास घेता आला. तेवढ्यात गाडीत विभूतीचा कोरडा वास पसरला. गुरुपादप्पा जवळ येऊन बसले की यायचा, तसाच.

समोर वळण होतं. सरांनी पाय उचलला. वेग उतरला नाही. त्यांनी खाली पाहिलं. एक्सलेटर आपोआप दबलेला होता. वळण आलं तसा तो अलगद सैल झाला आणि वळण सरताच पुन्हा हळूच दाबला गेला. कुणीतरी गाडी चालवत होतं, आणि सरांपेक्षा चांगली चालवत होतं. भीतीच्या आधी त्यांना त्याचाच राग आला.

“आज गाडी त्यांच्यासारखी चालतेय...” मालविका म्हणाली.

“किती वेळा बसलीस तू त्यांच्या गाडीत?”

“तुमची बंद पडली तेव्हा तेव्हा.”

हे बोलताना तिनं सरांकडे पाहिलं नाही. ती स्टिअरिंगकडे पाहत होती आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत होती. घरी ती तशी हसल्याचं सरांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून येताच सरांनी तो कार्बोरेटर उखडून काढला. आपला जुना परत बसवला. गुदमरू दे, बंद पडू दे, पण आपला. काढलेला त्यांनी मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ठेवला, त्यातलं पेट्रोल निथळवलं आणि हात पुसायला फडकं घेतलं.

टिक्... असा बारीक आवाज झाला.

कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटी दांडी असते. एक्सलेटर दाबला की तार तिला ओढते. इथं तार नव्हती, गाडी नव्हती. तरी दांडी सावकाश खाली गेली आणि परत वर आली. थोडं थांबून पुन्हा खाली. कार्बोरेटरच्या कोरड्या तोंडातून वारा आत ओढला जात होता आणि वर्तमानपत्राचा कोपरा त्या बाजूला फडफडत होता.

फोन वाजला. नीलम्मांचा होता. त्या अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या.

“भाऊजी... शेडातली गाडी सुरू झालीया. आपली आपणच. किल्ली तर माझ्या कंबरंलाच हाय...” मग म्हणाल्या, “तुम्ही तुमचा बसवून दिलात, लई बरं केलात.”

फोनमधून इंजिनाचा आवाज येत होता, मऊ, एकसारखा. तो चढला की टेबलावरची दांडी खाली जात होती. उतरला की वर येत होती.

त्यांनी फोन तसाच ठेवला आणि मालविकाला हाक मारली. स्वयंपाकघरात दिवा होता, पण उत्तर आलं नाही. सर भिंत धरत तिथवर गेले.

मालविका ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. कसलंसं गाणं गुणगुणत होती. खिडकी बंद होती, पंखा बंद होता, गॅसची निळी ज्योत जराही हलत नव्हती.

आणि तिचे मोकळे केस भरधाव गाडीतल्या वाऱ्यात सापडल्यासारखे मागं उडत होते.