एर्वान हरावा म्हणून

"टिश्यूचं पाकीट म्हणजे ताबा नव्हे, मॅडम."

बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, ऐन जेवणाच्या गर्दीत, मी टिश्यू ठेवून धरलेल्या टेबलाशी बसून तो उंच गोरा मला हे सांगत होता. बाहेर धो धो पाऊस, माझ्या हातात गरम लाक्साचा, नारळाच्या रसातल्या नूडल्सचा, ट्रे, आणि हा मला कायदा शिकवतोय!

"सिंगापूरमध्ये टिश्यू ठेवला की टेबल आपलं. वकील आहात का?"

"दुर्दैवाने... हो."

"मग सरका."

तो सरकला. उठला मात्र नाही. आणि खरं सांगू? त्याने उठावं असं मलाही वाटत नव्हतं. असा काही हसला, की लाक्सा सांडला. माझ्याच कुर्त्यावर.

एर्वान त्याचं नाव. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका मासेमारीच्या गावचा, आई बाजारात कालवं विकायची. इथे अकरा वर्षं जहाज कंपन्यांच्या करारांची वकिली करत होता. शनिवारी मात्र आपल्या ऑफिसात बसून कागदपत्रांत अडकलेल्या फ्रेंच लोकांना फुकट मदत करायचा. पुढच्या शनिवारी मी तिथे सहज डोकावले... मग प्रत्येक शनिवारी सहजच डोकावत राहिले. मॅडमची अनुया झाले, अहोचं अरे झालं.

चार महिन्यांनी म्हणाला, "मी निवडणूक लढवतोय."

"कसली? काँडो सोसायटीच्या कमिटीची?"

"फ्रान्सच्या संसदेची."

परदेशातल्या फ्रेंचांनाही म्हणे खासदार निवडता येतो. रशियापासून पार न्यूझीलंडपर्यंतच्या फ्रेंचांचा मिळून एक. निवडून आला की पॅरिस! आणि मला गेल्याच महिन्यात इथली पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालेली.

"छान की!" मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी विनायकाच्या देवळात जाऊन हात जोडले, "बाप्पा, हा पडू दे. एकवीस मोदक वाहीन."

एकीकडे नवस, दुसरीकडे त्याची भाषणं ऐकत होते. "हे वाक्य काढ, कोर्टात नाहीयेस तू!" तो निमूट काढायचा. इतका दुटप्पीपणा मी जन्मात केला नव्हता.

मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, क्लेअर नावाची एक फ्रेंच बाई त्याच्या ऑफिसात आली, कडेवर सात महिन्यांचं बाळ. त्याच्या पासपोर्टसाठी पाच महिने खेटे घालत होती. एर्वान सरळ जमिनीवर मांडी ठोकून तिचे फॉर्म भरायला बसला. बाळ त्याची टाय चघळत होतं.

क्लेअर मला म्हणाली, "हा तिकडे गेला ना, तर माझ्यासारख्या कितीतरी जणींचे खेटे वाचतील."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रविवारी सकाळी पुन्हा देवळात. "बाप्पा, चुकले. येऊ दे त्याला निवडून. एक्कावन्न वाहीन!" आणि तिथेच ढसाढसा रडले.

सोमवारी दुपारी त्याचा फोन आला, "खाली ये." बुओना व्हिस्टाच्या माझ्या ऑफिसखाली तो धापा टाकत उभा होता.

"अनुया... आलो! निवडून आलो!"

माझे डोळे भरून आले. मग राहवेना. नवस म्हणजे काय इथपासून सगळं ओकून टाकलं.

"म्हणजे माझ्याविरुद्ध प्रचार? तोही थेट देवाकडे?" त्याने भुवया उंचावल्या. "कारण?"

"तू जाशील म्हणून."

"मग नवस का बदललास?"

"कारण तू जायलाच हवंस..." मी त्याच्या छातीवर बोट रोखलं. "प्रेम आहे माझं तुझ्यावर, मूर्खा! एवढ्या उलटतपासण्या घेतोस आणि हे कळत नाही?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"कितीतरी महिने हेच बोलायची हिंमत गोळा करत होतो," तो हळूच म्हणाला. "भाषणं त्यापेक्षा सोपी होती. अनुया, माझे मतदार इथे आहेत, मला सारखं यावं लागेल. आणि तू तिकडे येशील... अधूनमधून?"

"बघू," मी डोळे पुसत म्हणाले. "आधी नवस फेडायचाय."

"एकटीने?"

"जोडीनं जातात..." मी बोलून गेले आणि जीभ चावली. "म्हणजे... तशी पद्धत आहे आमच्यात."

"मग जोडीनंच जाऊ. मी आता कायदे करणारा माणूस," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पद्धत मोडून कसं चालेल?"

आणि भर दुपारी, अख्ख्या ऑफिससमोर, त्याने माझा हात हातात घेतला.