घरी सोडावे

खंडेनवमीच्या सकाळी साखर कारखान्यात यंत्रांची पूजा चालू होती आणि पद्माक्का मगदूम दरवर्षीप्रमाणे नवऱ्याला फूल वाहायला आल्या होत्या. नवरा म्हणजे पॅन विभागातल्या, जिथे उसाचा पाक उकळून साखर करतात तिथल्या, भिंतीवरची एक करडी पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगात ४१७ हा आकडा घातलेला दिसला, तेव्हा त्यांचा हात थबकला. कारखान्यात असा आकडा भंगारात जाणाऱ्या वस्तूवरच घालतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

फुलं पदरात तशीच धरून त्या कारखान्याच्या संशोधक डॉ. हेमलता शिंत्रे यांच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, आमच्या माणसाला भंगारात काढलंय व्हय?"

हेमलताबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. दहा वर्षांपूर्वी ही पेटी त्यांनीच बनवली होती. भूपाल मगदूम हा हंगामी कामगार. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि साखरेचा दाणा नीट धरला की नाही ते सांगायचा. कुठल्याही उपकरणाला हे त्याच्याइतकं जमत नव्हतं. म्हणून एक अख्खा हंगाम, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, त्याच्या डोक्याला जाळी बांधून मेंदूतली प्रत्येक हालचाल टिपली आणि तिची प्रतिकृती पेटीत उतरवली. तिला नाव दिलं जाणप्रत, म्हणजे माणसाची नव्हे, फक्त त्याच्या जाणतेपणाची प्रत. पुढच्याच वर्षी भूपाल वारला. पेटी काम करत राहिली. अशा आठ पेट्या होत्या.

"भंगारात मी नाही काढलं, आक्का. व्यवस्थेनं काढलं."

व्यवस्था म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारी संगणकप्रणाली. तिच्यात प्रत्येक गोष्टीची नोंद असते, प्रत्येक नोंदीला प्रकार असतो आणि प्रत्येक प्रकाराची वाट आधीच आखून दिलेली असते. कामगाराची नोंद भरती, रजा, तक्रार, निवृत्ती अशा टप्प्यांनी जाते. यंत्राची नोंद खरेदी, दुरुस्ती, मोडीत काढणे अशी. कुठल्या टप्प्यावर कोण मागणी करू शकतो आणि कोण मंजुरी देतो, हेही ठरलेलं. नोंद आपल्या वाटेवरून आपोआप पुढे सरकते. दहा हंगाम झाले की यंत्र मोडीत.

"मग त्यांना यंत्रात कुणी घातलं?"

"मीच," हेमलताबाई म्हणाल्या. "कामगारासाठी नऊ सह्या लागत होत्या, यंत्रासाठी दोन. हंगाम तोंडावर आला होता."

पद्माक्का म्हणाल्या, "आता कामगारात घाला की. तुमच्याच हातात हाय न्हवं?"

हेमलताबाईंनी चाचणीसाठी प्रकार बदलून पाहिला. नोंद क्षणात नव्या वाटेला लागली, मृत्यूच्या दाखल्यापाशी पोचली आणि बंद झाली. मेलेला कामगार कामावर राहू शकत नाही, हे व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं.

मग एकच मार्ग उरला. जाणप्रत हा नवा प्रकारच तयार करायचा. हेमलताबाई एकेक टप्पा पद्माक्कांना विचारून लिहू लागल्या. मागणी कोण करणार? जाणप्रत स्वतः. मंजुरी कोण देणार? वारस. मोडीत काढणे हा टप्पा त्यांनी घातलाच नाही. पण शेवटचा टप्पा असल्याशिवाय व्यवस्था प्रकार जतन करेना, म्हणून त्यांनी लिहिलं, 'सोडणे'. त्याचा अर्थ पेटी थांबवणे. वारसानं होय म्हटलं तरच.

"म्हंजे मी न्हाई म्हणले तर चालूच राहणार?"

"कायम."

पद्माक्कांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. हेमलताबाईंनी पेटीची नोंद या नव्या प्रकारात घातली आणि जतन करण्याची कळ दाबली. पडद्यावर एकामागून एक अर्ज येऊ लागले.

दहा अर्ज होते. प्रत्येकावर एका हंगामाच्या अखेरच्या दिवसाची तारीख होती आणि मजकूर एकच. 'हंगाम संपला. घरी सोडावे.'

हेमलताबाईंचा चेहरा उतरला. यंत्राच्या वाटेवर अर्ज करण्याचा टप्पाच नव्हता, त्यामुळे व्यवस्थेनं हे सारे बिघाडाचे संदेश म्हणून बाजूला साठवून ठेवले होते. हंगाम नसतानाही पेटी बंद होत नसे. जुन्या पाकाची चित्रं दाखवून रोज तिचा सराव घेतला जाई.

"दरसाल ह्येच लिहायचे," पद्माक्का हळूच म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी अर्ज देऊन, सायबाची सही घिऊनच निघायचे. मी दारात पायावर घालायला पाणी घिऊन हुबी असायची." मग त्यांनी विचारलं, "दहा वर्सं कुणी न्हाईच म्हणालं त्यास्नी?"

"नाही म्हणायलाही कुणी वाचलं नाही, आक्का."

"सोडलं म्हंजे बंद पडनार, हे त्यास्नी म्हाईत हाय?"

"सांगायची सोय नाही. त्याला फक्त दाणा कळतो. आणि हंगाम संपला, हे कळतं."

पद्माक्का पेटी वाचवायला आल्या होत्या. आता ती चालू ठेवायची म्हणजे त्यांनाच नवऱ्याचा अर्ज नामंजूर करावा लागणार होता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग डोळे पुसून त्यांनी अंगठा पडद्यावर टेकवला. व्यवस्था सगळ्यांत जुन्या अर्जापासून एकेकाला वेगळी मंजुरी मागत होती, म्हणून दहा वेळा टेकवला. पॅन विभागातल्या पेटीचा हिरवा दिवा विझला. जाताना त्यांनी ती मागून घेतली आणि पदराखाली धरून नेली.

त्या गेल्यावर हेमलताबाईंनी उरलेल्या सात पेट्याही नव्या प्रकारात घातल्या आणि त्यांचे अर्ज उघडले. चौघांच्या वारसांना निरोप गेले. तिघांना वारसच उरले नव्हते. वारस नसेल तर मंजुरी कोणाची, हे लिहायचं राहून गेलं होतं, आणि अशा वेळी व्यवस्था प्रकार तयार करणाऱ्याचं नाव घेते.

त्या तीन पेट्यांचे अर्ज हेमलताबाईंच्याच नावावर येऊन थांबले होते. घरी सोडावे, असं प्रत्येकात लिहिलेलं होतं. त्या तिघांतल्या एकाचंही घर कुठल्या गावाला होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.