दिवसाला चार बोटं

केदारखेड्यात अक्कल असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, असं मार्तंडरावांचं पक्कं मत होतं. शाळा कमिटीचे ते अध्यक्ष. सत्तावन्न साली चैत्रातल्या टळटळीत दुपारी ते शाळेकडे निघाले तेही नाक मुरडतच. भालचंद्र मास्तरांनी भोकरदनहून काचेवरची चित्रं भिंतीवर पाडणारा कंदील मागून आणला होता आणि ते गावाला जगातल्या हिमनद्या दाखवणार होते.

"विहिरीत पानी न्हाई, अन् हे बर्फ दाखवून राह्यले," मार्तंडराव वाटभर पुटपुटत होते.

खिडक्यांना गोणपाटं लावली होती. आत मिट्ट काळोख, घामाचा आणि रॉकेलचा वास. भिंतीवर एकेक हिमनदी उमटू लागली. घराएवढे कडे समुद्रात ढासळवणारी अलास्कातली. दक्षिण ध्रुवाकडची, जिच्या तोंडातून रक्तासारखं तांबडं पाणी गळतं. बायाबापड्या "अगं बया!" करत होत्या आणि मार्तंडराव मुद्दाम मोठ्यानं जांभया देत होते. या अडाण्यांना काय कळणार? अख्ख्या पंचक्रोशीत खरा बर्फ पाहिलेले ते एकटेच.

आठ वर्षांपूर्वी थोरल्या भावाला, पुंजारामाला घेऊन ते गंगोत्रीला गेले होते आणि एकटेच परत आले. "दादा बैरागी झाले," असं त्यांनी वहिनीला, गोजरबाईला सांगितलं आणि तोंडाला डाक लावून बंद केलेला तांब्याचा गडू तिच्या हाती ठेवला. दादांनी भरून दिलेलं गोमुखाचं पाणी म्हणून. तेव्हापासून ती कपाळभर कुंकू लावून त्या गडूला रोज फूल वाहत होती. मार्तंडरावांना आतल्या आत हसू यायचं. पाणी जालना स्टेशनच्या नळाचं होतं आणि डाक जुन्या जालन्यातल्या कल्हईवाल्याचा.

पुंजाराम गोमुखाच्या कोसभर वर बर्फाच्या भेगेत पडला होता. जिवंत होता. दोन पुरुष खोलीवर अडकून तो ओरडत होता, "मार्तंडा... पटका सोड..." मार्तंडरावांच्या डोक्याला बारा हात पटका होता. त्यांनी तो चाचपला, घट्ट केला आणि ते एकटेच डोंगर उतरायला लागले. तिथं तिसरं माणूस नव्हतं आणि घरची सगळी जमीन आता त्यांची एकट्याची होती.

"हिमनदी चालते," मास्तर सांगत होते. "दिवसाला चार बोटं म्हणा. वर भेगेत पडलेलं माणूस तिच्या पोटात राहतं अन् कधीतरी तिच्या तोंडाशी बाहेर येतं. आल्प्स पर्वतात तर चाळीस वर्षांनी निघालेत."

चोराच्या मनात चांदणं. अंधारात मार्तंडरावांनी भराभर हिशेब केला. कोसभर वाट, दिवसाला चार बोटं, म्हणजे शंभराच्या वर वर्षं. तोवर आपली राखही उरणार नाही. ते पुन्हा निवांत रेलून बसले.

तेवढ्यात मागून गोजरबाई उठली. "मास्तर, आमचा गडू पाडव्यापासून गारठून राह्यलाय. हालवला तर आतलं पानी वाजत न्हाई."

सगळ्यात आधी मार्तंडरावच हसले. "चला वहिनी, समद्यांदेखत फोडतो. येडेपना बंद होईल एकदाचा."

घरी येऊन त्यांनी छिन्नीनं डाक उडवला आणि गडू उपडा धरला. थेंब पडला नाही. तोंडात पांढराशुभ्र बर्फ गच्च बसला होता. मास्तरांनी बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. माणसं हात जोडून एकेक करत निघून गेली. "नजरबंदी हाय बिलकुल," मार्तंडराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ गडूच्या तोंडातून चार बोटं वर आला होता.

त्यांनी गडू उन्हात ठेवला. त्यावर उकळतं पाणी ओतलं. बर्फ घामेजलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी आठ बोटं. गडू होता अवघा वीतभर, आणि सहाव्या दिवशी बाहेर वीस बोटं बर्फ उभा होता. तरी गडू भरलेलाच, पहिल्याइतकाच जड. आणि बर्फात खोल, तळाशी, काहीतरी काळपट दिसत होतं. ते रोज वर सरकत होतं.

सातव्या दिवशी मार्तंडराव घण घेऊनच देवघरात शिरले. गोजरबाई गडूला कान लावून बसली होती.

"सरा वहिनी. जल्दी."

"येऊन राह्यलेत," ती हळूच म्हणाली. "बोलतेत बी..."

"कोन?"

तिनं पुन्हा गडूला कान टेकवला. मग तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"पटका सोड म्हनतेत. सारखं तेच. कशाचा पटका, भाऊजी?"

मार्तंडरावांच्या हातातला घण गळून पडला. हात आपसूक डोक्याकडे गेला. पटका जागच्या जागी, कोरडा होता. फक्त पाठीवर लोंबणारा शेमला हाताला चिंब, बर्फगार लागला. त्यांनी तो पुढं ओढून पाहिला. त्याच्या टोकाला, खालून वर ओढून घ्यायच्या माणसानं कमरेला मारावी तशी, पक्की गाठ मारलेली होती.