तीन टिंबांचं दार

जिन्याच्या सातव्या पायरीवर एक माणूस डोळे मिटून, हातात पातेल्याचं झाकण धरून, उडी मारायच्या बेतात उभा होता.

ती खालून वर येत होती. खांद्यावर पिशवी, पिशवीत शब्दकोश आणि चार लाल पेन्सिली, आणि डोक्यात एकच घोर, की पहिल्याच दिवशी उशीर नको. खालच्या लाँड्रीतली वाफ जिन्यात भरून राहिली होती. त्या वाफेत तो तिला दिसला, तो थेट अंगावर आल्यावरच.

"दोन… तीन…" म्हणत त्याने उडी मारली.

झाकण आधी निसटलं. खणखणत, एकेक पायरी उतरत ते लाँड्रीच्या दारात जाऊन गरगरलं आणि आडवं झालं. तो कसाबसा कठड्याला धरून तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"माफ करा… मी उडी… म्हणजे मोजत होतो…"

"लोक पायऱ्या मोजतात. उड्या मोजणारे तुम्हीच पहिले."

"नाही, झाकण किती वेळात खाली… गेमसाठी… त्याचा आवाज…"

"अहो, एखादं तरी वाक्य पूर्ण करा!"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा कठडा घट्ट धरला. ते ध्यान बघून तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. शेवटी ती चक्क पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. तो समोर उभा राहून नुसता बघत होता. ओठ तेवढे हलत होते, अजून काहीतरी मोजत असल्यासारखे.

वर तीन खोल्या होत्या आणि त्यात पाच माणसं मिळून एक गेम बनवत होती. गेमचा नायक म्हणजे पातेल्याचं एक झाकण. ते फडताळामागे पडलेलं, आणि त्याचं पातेलं घराच्या पार दुसऱ्या टोकाला. झाकणाने फळ्यांवरून, नळांवरून, डुगडुगत्या बरण्यांवरून उड्या मारत पातेल्यापर्यंत पोहोचायचं. वाटेत कोडी, आणि कोड्यांपेक्षा जास्त खड्डे. खेळणाऱ्याला घाम फुटायचा. वर तो पडला की गेम त्याची फिरकी घ्यायचा. "पडलास? छान. जमीन जागेवर आहे, एवढं तरी कळलं." किंवा, "याच खड्ड्यात सहाव्यांदा! आता भाडं सुरू करू का?"

हे सगळे खड्डे खणणारा आणि ही वाक्यं लिहिणारा म्हणजे जिन्यावरचा तो माणूस. सगळे त्याला खड्डेबुवा म्हणायचे. ती वाक्यं तपासायला तीन महिन्यांसाठी नेमलेली प्रूफरीडर म्हणजे ही. तिचं नाव पहिल्याच दिवशी प्रूफताई पडलं. मालकीण मोठ्या बाईसुद्धा प्रूफताईच म्हणायच्या. एकटा खड्डेबुवा "अहो प्रूफ…" एवढं म्हणून अडखळायचा आणि पुढचं गिळून टाकायचा.

त्याच्या लिखाणाला एक खोड होती. टिंबं! बोलताना अडखळायचा तसाच लिहितानाही. वाक्यागणिक तीन टिंबं, कधी सहा, रंगात आला तर नऊ. आणि टिंबं म्हटली की हिचं डोकं फिरायचं. तिच्या बाबांनी छापखान्यात आयुष्यभर अक्षरांचे खिळे जुळवले होते. ते म्हणायचे, "टिंब म्हणजे मीठ. चिमूटभर असेल तर चव, मूठभर झालं की ताट उचलून ठेवायचं." ही लेक बाबांच्या वरताण. शिवाय स्वभाव असा उतावळा, की समोरच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करून त्याचं उत्तरही देऊन टाकायची.

तिने कागदाच्या कडेला लाल पेन्सिलीने लिहिलं, "टिंबं नऊ. गरज शून्य."

दुसऱ्या दिवशी त्याखाली बारीक अक्षरात उत्तर आलं. "पडायला वेळ लागतो. टिंबं म्हणजे तो वेळ…"

"वाचणाऱ्याला तेवढा वेळ नसतो."

"तुम्हाला नसतो. वाचणाऱ्याचं ठाऊक नाही…"

हे शेवटचं तिने तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना तिला जाणवलं, की यात तपासण्यासारखं तर काहीच नाही. मग आपण वाचतोय कशाला?

दुपारी जेवण झालं की तो तिला गेम खेळायला बसवायचा. ती तिसऱ्याच लेव्हलला चाळीस वेळा पडली.

"हा खड्डा कुठल्या मेल्याने खणलाय?"

"मी…" तो शेजारून म्हणाला.

"झकास खणलाय हो. यात तुम्हालाच पुरायला हवं."

"तुम्ही घाई करता. ती बरणी हलायची थांबली, की मग…"

"मग उडी. कळलं!" आणि ती बरणी हलत असतानाच उडी मारायची. झाकण खाली, ती कपाळाला हात लावून, आणि तो हसू दाबत खिडकीबाहेर बघतोय. त्या तासाची ती सकाळपासून वाट बघायला लागली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

लाँड्रीवाल्या काकूंना मात्र सांगावं लागलं नाही. एकदा ओढणी इस्त्रीला देताना त्या म्हणाल्या, "काय गं, वरचे सगळे तुला ताई म्हणतात. तो एकटाच नाही म्हणत. तुझ्या लक्षात आलंय का?"

"छे! नाही बाई."

"कान लाल झालेत तुझे. म्हणजे आलंय."

बघता बघता तीन महिने सरले. तिच्या नेमणुकीचा शेवटचा दिवस आणि गेमच्या चाचणीचा दिवस एकच आला. बाहेरची बारा माणसं खेळायला बोलावली होती. नियम कडक होता. बनवणाऱ्याने तोंडाला कुलूप लावून बसायचं, एका अक्षराची मदत करायची नाही. मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं, "जी लेव्हल चार वाजेपर्यंत एकालाही सुटणार नाही, ती कापायची. सोमवारी गेम बाहेर जातोय. अवघड चालेल, अशक्य नाही चालणार."

सोळा लेव्हली लोकांनी हसत, चिडत, स्वतःलाच शिव्या घालत पार केल्या. सतराव्या लेव्हलला गाडं अडलं.

ही सतरावी म्हणजे खड्डेबुवाचा जीव की प्राण. गेले दोन महिने तो तिच्यावरच बसला होता. तिच्यात एकही खड्डा नव्हता. एक लांब, रिकामी खोली, पलीकडे एक बंद दार, आणि दारावर एक पाटी. बस्स.

पहिल्या माणसाने दाराला धडका दिल्या. दुसरी मुलगी मागे फिरून सोळाव्या लेव्हलमध्ये किल्ली शोधत राहिली. एक निवृत्त मास्तर पाटी वाचून म्हणाले, "इकडे येऊ नको म्हणतंय. म्हणजे वाट दुसरीकडे असणार." आणि पाऊण तास भिंती ठोकत बसले. बारावा खेळाडू उठला तेव्हा साडेतीन वाजले होते.

खड्डेबुवा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. चेहरा उतरलेला, हात मांड्यांखाली दाबलेले. तिला त्याच्याकडे बघवेना. म्हणून तिने स्क्रीनकडे बघितलं, आणि आज पहिल्यांदाच ती पाटी नीट वाचली.

"थांब!"

तिने पाटी पुन्हा वाचली.

शब्द त्याचाच होता. उद्गारचिन्ह तिचं होतं. महिन्याभरापूर्वी पाट्यांची यादी आली होती, दोनशे ओळी, कुठली पाटी कुठे लागणार याचा पत्ता नाही. तीत "थांब…" असं होतं. हिने सवयीने टिंबं खोडली. पाटीवर एकटा शब्द बोडका दिसतो, म्हणून वर उद्गारचिन्ह ठोकून दिलं. त्याने लिहिलं होतं, जरा थांब, वाट बघ. हिने केलं होतं, खबरदार, पुढे येऊ नकोस! एका चिन्हात सरळ ध चा मा. आणि ते त्याच्याही नजरेतून सुटलं होतं. आपल्याच लिखाणातली चूक आपल्याला दिसत नाही. हे तर तिच्या धंद्याचं पहिलं वाक्य.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिला कायम ठेवायचं की नाही, हे मोठ्या बाई आजच ठरवणार होत्या. बोललं तर पायावर धोंडा. न बोललं तर त्याची लेव्हल जाणार, आणि आपण अवघड गोष्टी नीट सांगू शकत नाही असं त्याला जन्मभर वाटत राहणार.

मोठ्या बाई म्हणाल्या, "कापा. माझाही जीव तुटतोय, पण कापा."

"थांबा!" ती ओरडली. "चूक लेव्हलची नाही. माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. टिंबं, उद्गारचिन्ह, सगळं. खड्डेबुवा स्टुलावरून उठला, स्क्रीनच्या जवळ गेला आणि पाटी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचली.

"अरेच्चा…" तो एवढंच म्हणाला.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. "चार वाजायला वीस मिनिटं आहेत. पाटी दुरुस्त करा. पण खेळणार कोण? बाराही जण गेले."

इतक्यात दारात लाँड्रीवाल्या काकू उभ्या. हातात खड्डेबुवाचे चार शर्ट.

काकूंना खुर्चीत बसवलं. कंट्रोलर हातात दिला. कुठलं बटण दाबलं की झाकण चालतं, तेवढं मोठ्या बाईंनी दाखवलं. काकूंनी झाकण डुलत डुलत दारापर्यंत नेलं, चष्मा वर केला आणि पाटी वाचली.

"थांब, टिंब टिंब टिंब. बरं बाबा, थांबते. मला कुठे आग विझवायला जायचंय?" त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि एका शर्टाची कॉलर सारखी करायला घेतली.

प्रूफताई मनात आकडे मोजत होती. सात… आठ… श्वास घ्यायचं तिला भान नव्हतं. दहा…

अकराव्या सेकंदाला कुरकुरत दार उघडलं. पलीकडून ऊन आत आलं, आणि गेम अगदी हळू आवाजात म्हणाला, "आलास? मीही थांबलोच होतो."

सगळी खोली ओरडली. काकू दचकल्या, शर्ट खाली पडला. मोठ्या बाईंनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, "पण अकराच का हो, खड्डेबुवा? लोक दहा ठेवतात!"

खड्डेबुवाने वाकून शर्ट उचलला.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. लेव्हल वाचली, भरून पावलं. काकू खाली गेल्या आणि ती आपल्या पेन्सिली गोळा करू लागली. मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघून "तुम्ही निघा आता" म्हटलं, तेव्हा तिने मुकाट्याने मान हलवली. आपल्याच करणीचं फळ! पिशवी खांद्याला लावून ती जिना उतरायला लागली. वाफ तशीच होती. गरम कापडाचा वासही तोच. सातव्या पायरीवर तिचे डोळे भरून आले.

"थांब…"

ती गर्रकन वळली. तो वर उभा होता, धापा टाकत. हातात ते झाकण. आजवर तो तिला 'अहो' आणि 'तुम्ही' असंच म्हणत आला होता.

"पुढे काय आहे?" तिने विचारलं. सवय जाईना. "उद्गारचिन्ह की टिंबं?"

"टिंबं… तीन."

तो चार पायऱ्या उतरला. "मोठ्या बाई म्हणाल्या, सोमवारी वेळेवर या. आणि पुढच्या गेमलाही याच. चूक लपवणारे पुष्कळ भेटतात, सांगणारं माणूस सोडायचं नाही, म्हणाल्या. हे त्यांचं झालं… माझं…"

तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं. त्याचं वाक्य, अगदी पूर्ण, शेवटच्या शब्दासकट. रोजच्यासारखं ते तिने केव्हाच बोलून टाकलं असतं. तिने ओठ मिटले आणि पायरीवर बसली. वाट बघायला.

तो शेजारी बसला. झाकण मांडीवर फिरवू लागला. खाली लाँड्रीत इस्त्रीचा चर्र आवाज आला.

"त्या दिवशी… तुम्ही… तू इथेच बसून हसत होतीस. मला सवय आहे ना मोजायची… अकरा सेकंद हसलीस. दार त्यावरून…"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं, पण ती वाट बघत राहिली. सात… आठ… त्याने एकदा खोल श्वास घेतला. दहा…

"मला तू फार आवडतेस."

पुढे एकही टिंब नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

तिने पिशवीतून लाल पेन्सिल काढली, त्याच्या हातातल्या झाकणावर टकटक वाजवली आणि म्हणाली, "तपासलं. एकही चूक नाही."

"मग तुझं उत्तर…?"

"मलाही तू. कधीपासूनच." तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. "आता जरा थांब. मला घाई नाही."

खालून काकूंची हाक आली, "अगं ताई, ओढणी तयार आहे गं!"

"ताई नका म्हणू तिला," खड्डेबुवा ओरडला. एका दमात, न अडखळता.